सोप्यावरचे बोलणे, तिठ्यावरचे लिहिणे

आमच्या गोव्यातल्या जुन्या घरांना दारापुढे सोपो असतो. दिवेलागण झाली की त्या सोप्यावर चार माणसे बसतात आणि मग पंचापासून पंतप्रधानापर्यंत कुणाचीही धडगत नसते! देवस्थानाच्या महाजनांची भांडणे, शेजाऱ्याच्या काजूच्या बागेची हद्द, मुंबईला गेलेल्या पोराची नोकरी... सगळ्यांचे निकाल तिथे लागतात. तोच माणूस सकाळी तिठ्यावर बसची वाट पाहत उभा असला की मात्र जपून बोलतो. तिथे कोण कुणाचा सोयरा निघेल याचा नेम नसतो. कुठे काय बोलावे हा विवेक आपल्याला शाळेत कुणी शिकवला नाही. घरातल्या मोठ्या माणसांकडे बघता बघता तो अंगी आला.

लिहिण्याच्या बाबतीत तर आणखी एक सोय होती. वर्तमानपत्राला पत्र लिहायचे म्हणजे आधी कच्चे लिहायचे, मग पक्के करायचे, पाकीट शोधायचे, तिकीट चिकटवायचे. एवढे करेपर्यंत निम्मा राग विरून जायचा. उरलेला निम्मा संपादक आपल्या कात्रीने कमी करायचा. आज मागे वळून पाहिले की वाटते, त्या दिरंगाईने कितीतरी माणसांच्या नोकऱ्या आणि नाती वाचवली असतील.

हातातल्या फोनने ही दिरंगाई संपवली आणि सोपो व तिठा यांच्यामधली भिंतही पाडली. माणूस सोप्यावर बसल्यासारखा लिहितो आणि वाचला जातो तिठ्यावर. तोही असा तिठा, की चार वर्षांनी तिथून जाणाऱ्यालासुद्धा आपले बोलणे जसेच्या तसे ऐकू यावे!

हे सगळे मनात यायला कारण घडले ते गोव्यापासून पुष्कळ दूर, लोधीखेड्यात.

लोधीखेडा हे मध्य प्रदेशातले, नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावरचे गाव. पूर्वी इथून नॅरोगेजची छोटी गाडी धावायची. मार्ग रुंद करण्यासाठी ती २०१५ साली बंद झाली. गाव आधी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा सौंसर तालुक्यातले लोधीखेडाही त्या नव्या जिल्ह्यात आले. हा सगळा संत्र्यांचा मुलूख. माझी मावसबहीण लग्न होऊन तिथे गेली, तेव्हा आम्हां गोवेकरांना प्रश्न पडला होता की मध्य प्रदेशात हिचे बोलणे कुणाला कळणार! गेल्यावर पाहतो तर घरात, शेतात, बाजारात मराठीच. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मराठी बोलणारी ही पट्टी मध्य प्रदेशात राहिली. त्यामुळे घरात मराठी, कचेरीत हिंदी. आपली भाषा एका बाजूला आणि कारभाराची दुसऱ्या बाजूला, हा अनुभव गोव्याच्या मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.

या बहिणीचा मुलगा नागपुरात इंजिनिअरिंग शिकला. घरातला पहिला इंजिनिअर. संत्र्याच्या बागेच्या उत्पन्नावर त्याची फी भरली गेली आणि ज्या वर्षी बागेने दगा दिला त्या वर्षी कर्ज काढून भरली गेली. पोरगा हुशार, बोलायला मऊ. पण दुसऱ्या वर्षाला असताना एकदा तो भडकला होता आणि त्याला कारण झाली गोटमार.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात ही गोटमार होते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि तो मिळवण्यासाठी दोन्हीकडून गोटे चालतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर जीवही गेले आहेत. गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहण्याचा प्रयत्न प्रशासनाने केला, तो लोकांनी चालू दिला नाही. ही प्रथा चालू राहावी असे मला वाटत नाही आणि माझ्या भाच्यालाही वाटत नाही. पण त्या वर्षी कुणा मोठ्या शहरातल्या माणसाने गोटमारीचा व्हिडिओ टाकून वर लिहिले की हा सगळा मुलूखच रानटी आहे, यांना माणसांत घेऊ नये. भाच्याने वाचले आणि खाली उत्तर लिहिले. त्या माणसाची आई, त्याचे शहर, त्याचा धंदा, काही म्हणून सोडले नाही! वर स्वतःचे खरे नाव, फोटो आणि कॉलेज. लिहून झाले, शांत झोपला, विसरून गेला.

तीन वर्षांनी पुण्याच्या एका कंपनीत मुलाखतीची शेवटची फेरी होती. समोरच्या बाईंनी पडद्यावर तेच उत्तर दाखवले आणि एवढेच विचारले, "एखादा ग्राहक चिडून बोलला, तर त्याला तुम्ही असेच उत्तर देणार का?"

प्रश्न बोचरा होता, पण गैर नव्हता. पोराला उत्तर सुचले नाही. नेमणुकीचे पत्र आले नाही. नोकरी त्या चार ओळींमुळे गेली की दुसरा कुणी सरस ठरला, हे अशा वेळी कुणी सांगत नसते. पण मुलाच्या मनाने घेतले ते घेतलेच. रात्री त्याचा फोन आला. "मामाजी, सप्पा पुसून टाकू का? खातंच बंद करून टाकतो." सप्पा म्हणजे सगळे. हा शब्द मी त्याच्याकडूनच शिकलो.

त्याला लगेच उत्तर देता आले असते, पण प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. पुसून टाकणे म्हणजे नेमके काय, हे आधी पाहायला हवे. २०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, पुण्यातल्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने दुसऱ्या कुणाचा तरी मजकूर इन्स्टाग्रामवर पुढे टाकला. धमक्या येऊ लागल्या तशी तिने दोन तासांत तो काढला, माफीही मागितली. तरीही महाविद्यालयाने तिला काढून टाकले आणि पोलिसांनी अटक केली. ऐन परीक्षेचे दिवस ती तुरुंगात. अखेर २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडायला सांगितले, महाविद्यालयाच्या आदेशाला स्थगिती दिली, परीक्षेला बसू द्या म्हटले आणि सरकार व महाविद्यालय या दोघांनाही खडे बोल सुनावले. न्याय मिळाला हे खरेच. पण दोन तासांत पुसलेली गोष्ट पुसली गेली नव्हती, हेही तितकेच खरे. पुसायच्या आधी कुणीतरी पडद्याचा फोटो काढून ठेवलेला असतो आणि तो फोटो आपल्या हातात नसतो.

लिहिण्याचे एक वेळ सोडा, नुसता अंगठा उमटवण्याचेही तसेच. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला, तिच्या मैत्रिणीने तो 'लाइक' केला. दोघींनाही अटक झाली! एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे खटला मागे पडला आणि ज्यांनी घाईने अटक केली त्या पोलीस अधिकाऱ्यांवरच निलंबनाची पाळी आली. म्हणजे त्या चार ओळींनी लिहिणारीला त्रास दिला, लाइक करणारीला दिला आणि त्यावर भडकून कारवाई करणाऱ्यांच्या नोकरीवरही डाग पाडला. राग कुणाचाही असो, घाईची किंमत सगळ्यांना सारखीच पडते.

हे महाराष्ट्रातले झाले, पण आपण गोवेकरांनी फार दूर जायला नको. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात आपल्याच एका जहाजबांधणी अभियंत्याने फेसबुकवरच्या गोव्याच्या गटात भावी पंतप्रधानांविरुद्ध जळजळीत मजकूर लिहिला. त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला, न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. त्याने शब्दांच्या निवडीबद्दल माफी मागितली, पण मुद्दा सोडला नाही. त्या दिवसांत गोव्यात घरोघरी चर्चा होती आणि ती चर्चा माझ्या लक्षात राहिली, कारण बहुतेक जण मुद्द्याविषयी बोलतच नव्हते. बोलत होते ते फक्त त्या एका भडक शब्दाविषयी.

पालघरच्या प्रकरणानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. मोठा निकाल. पण त्याने बाकीची कलमे गेली नाहीत. बदनामी, दोन समाजांत तेढ, धार्मिक भावना दुखावणे, ही कलमे भारतीय दंड संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहेत. आणि एक गोष्ट कुठलेच न्यायालय करू शकत नाही. मुलाखत घेणाऱ्याच्या मनावर उमटलेला ठसा त्याला पुसता येत नाही.

सरकारी नोकरीत तर मर्यादा लेखीच आहे. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतल्या नवव्या नियमानुसार सरकारी नोकराला सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही, मग ती स्वतःच्या नावाने असो की टोपणनावाने. महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांविषयी वेगळा आदेशच काढला. खासगी आणि कामाचे खाते वेगळे ठेवा, गोपनीय कागद टाकू नका, सरकारी गाडी नि गणवेश मिरवू नका, सरकारवर टीका करू नका, असे त्यात सांगितले आहे. दुसरी बाजूही आहे. २०२० च्या जानेवारीत त्रिपुरा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश अकील कुरेशी यांनी निकाल दिला की सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचा भाषणस्वातंत्र्याचा हक्क संपत नाही, नियमांच्या चौकटीत त्याला मत बाळगता आणि मांडता येते. निकाल समाधान देणारा. पण तो हाती पडेपर्यंत त्या कर्मचाऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागली, हे विसरता येत नाही.

मग पुसून टाकावे आणि गप्प बसावे? माझी बहीण हेच म्हणते. "दादा, त्याला सांग, हे लिहिणंबिहिणं बंद कर, आपल्याला काय करायचंय!" आईची काळजी मला कळते. पण गप्प बसण्याचा सल्ला द्यायला माझी जीभ रेटेना, आणि त्याला कारण लोधीखेडाच आहे.

या मुलाचे कॉलेजचे शिक्षण इंग्रजीत झाले, गावच्या कचेरीतला अर्ज तो हिंदीत लिहितो. घरातली मराठी तो कुठे लिहितो? फोनवर! पोळ्याला बैल सजवल्याची बातमी, आजीने सांगितलेली जात्यावरची गोष्ट, मृगाच्या आणि आंबिया बहराची चर्चा, भावाच्या लग्नाचा थट्टेचा मजकूर, हे सगळे तो आणि त्याचे मित्र त्या फोनवर आपल्या बोलीत लिहितात. एरवी ही मराठी ना पाठ्यपुस्तकात, ना राजपत्रात. भीतीपोटी ही पोरे गप्प बसली, तर सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठीची लिहिती जागा आपण आपल्या हाताने बंद करू. नोकरी सांभाळताना भाषा गमावली, तर तेही नुकसानच.

शिवाय आपण गोवेकरांनी सक्तीचे मौन पाहिलेले आहे. सालाझारच्या राजवटीत छापायचा मजकूर आधी सेन्सॉरपुढे ठेवावा लागे. लग्नपत्रिकासुद्धा दाखवून आणावी लागे, असे जुनी माणसे सांगतात. त्याच काळात, १९५४ च्या फेब्रुवारीत, म्हापशातल्या एका मेजवानीत कुणीतरी भाषण करताना गोवा हा पोर्तुगालचा भाग असल्याचे म्हटले. तिथे बसलेले शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी निषेधाचा शब्द उच्चारला. दोन शब्दांचे ते बोलणे! त्यासाठी त्यांना अटक झाली, पोर्तुगालला नेण्यात आले, चालता व्यवसाय गेला. १९६२ साली मुक्त गोव्याचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून तेच डॉक्टर लोकसभेत बसले.

भाच्याला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "पण मामाजी, त्यांचंही करिअर गेलंच ना?" गेले. पण डॉक्टर कुणासमोर बोलत होते हे त्यांना ठाऊक होते, काय बोलायचे ते ठाऊक होते आणि किंमत किती पडणार याचीही कल्पना होती. त्यांच्या बोलण्यात कुणाची आई नव्हती. तू जे लिहिलेस त्यात तुझ्या मुलुखाची बाजू कुठे होती? तुझी नोकरी तुझ्या मतासाठी गेली असती तर मी तुझ्या पाठीशी उभा राहिलो असतो आणि तुझ्या आईलाही समजावले असते. पण ती गेली असलीच, तर एका अनोळखी माणसाला दिलेल्या शिवीसाठी गेली. किंमत मोजायचीच असेल, तर ती आपण विचार करून निवडलेल्या शब्दासाठी मोजावी.

बाकी मग व्यवहाराचे. ते आम्ही दोघांनी फोनवर बसून एका रात्रीत केले. आधी त्याने खात्यातून बाहेर पडून स्वतःचे नाव शोधून पाहिले. परका माणूस आपल्याला कसा पाहतो, हे त्याशिवाय कळत नाही. आपल्या हातातले जे वाईट होते ते काढले, मात्र सप्पा नाही. बैल राहिले, आजी राहिली. पासवर्ड बदलला आणि दुसऱ्या पायरीची खात्रीही लावली, कारण खाते दुसऱ्याच्या हाती गेले तर तो आपल्या नावाने बोलतो. 'फक्त मित्रांसाठी' या कुलपावर विसंबायचे नाही हे ठरले, कारण मित्रांतला एक जण किल्ली घेऊन जातोच. उद्या कुठल्या कारखान्यात वा कचेरीत लागला, तर तिथले यंत्र, कागद, आतली खोली फोटोत येणार नाही. त्या वस्तू आपल्या नसतात. कंपनीचे नाव मिरवत कुणाशी भांडायचे नाही. पुढे ढकललेला मजकूर आणि उमटवलेला अंगठा ही आपली सहीच आहे असे समजायचे. आणि राग आला की लिहायचे जरूर, पण ते रात्रभर फोनमध्येच ठेवायचे. सकाळच्या चहानंतरही पाठवावेसे वाटले, तर पाठवायचे.

गावच्या व्हॉट्सअॅप गटाचा तो ॲडमिन. तेही सोडून द्यायला निघाला होता. त्याला सांगितले की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली गोंदियाकडच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे, की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. गट चालव. पण घाण आली तर काढ, आणि ती टाकणाऱ्याला बाजूला घेऊन समजाव.

दुसऱ्याही एका बाजूला बोलायला हवे. एकोणिसाव्या वर्षी लिहिलेल्या चार ओळी बाविसाव्या वर्षी समोर ठेवणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा. गावात असा पोरगा वाह्यात बोलला, तर कुणीतरी वडीलधारा त्याचा कान धरायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच चहा पाजायचा. बोलणे हवेत विरायचे, पोरगा सुधारायचा. आता कान धरणारा उरला नाही, फोटो काढून ठेवणारे मात्र पुष्कळ झाले. सुशिक्षित, संस्कृतीवर तावातावाने बोलणारे आपणच ते फोटो पुढे ढकलत असतो. तरुणांना जपून लिहायला सांगणाऱ्यांनी, दुसऱ्याच्या पोराची चूक दहा जणांना दाखवण्याआधी हात आवरायला नको का?

भाच्याने त्या अनोळखी माणसाला शोधून माफीचे दोन शब्द पाठवले. उत्तर आले नाही. मग गेल्या पोळ्याच्या आधी त्याने गोटमारीवर दीड पान लिहिले, आपल्या बोलीत. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांची दंतकथा त्यात आहे, आणि गोटा लागून डोळा गेलेल्या एका शेतकऱ्याची हकिकतही. हे थांबायला हवे आणि ते आम्हीच थांबवू, असे शेवटी लिहिले आहे. खाली पूर्ण नाव. तावातावाने बोलणारे चार जण त्याच्यावर तुटून पडले, त्यांतले दोघे त्याच्याच ओळखीचे. त्यांना त्याने उत्तर दिले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि 'भाऊ' म्हणून सुरुवात करून.

नोकरीचे अजून जमायचे आहे. पुढच्या मुलाखतीत कुणी नाव शोधलेच, तर आता हे दीड पानही सापडेल.